उघड्या दारांच्या मुलखातली आजी

लेकीला किंडीत, म्हणजे इथल्या बालवाडीत सोडून मी परत आले, तर माझ्या स्वयंपाकघरात एक अनोळखी म्हातारी चहा करत होती.

पातेलं माझं, दूध माझं, शेगडीही माझीच. अंगात घोट्यापर्यंत येणारा जांभळा झगा, कमरेला केशरी पट्टा, पायात मात्र सेलला मिळतात तसले कॅनव्हासचे बूट. तिने वळून पाहिलं, तोंडभर हसली आणि मला खुर्चीवर बसायची खूण केली. माझ्या घरात, मला! मी मुळातली तापट. मिरजेला माझा दवाखाना होता तेव्हा नंबर सोडून आत घुसणाऱ्या पेशंटला मी दारातूनच मागे पाठवत असे, मग तो नगरसेवक का असेना. पण त्या दिवशी मी मुकाट बसले. घाबरले होते हे एक, आणि दुसरं म्हणजे न्यूझीलंडमधल्या अप्पर हटला आल्यापासून मला कुणी 'बस' म्हटलंच नव्हतं.

तिने माझ्या आमटीच्या वाडग्यात चहा ओतला. उजव्या हातात वाडगा, डाव्या हाताचा आधार उजव्या कोपराला, आणि किंचित वाकून तिने तो माझ्यापुढे धरला. मी घोट घेतला आणि डोळेच पांढरे झाले. चहात मीठ होतं! चुकून पडलेलं नव्हे, चांगलं बेतून घातलेलं. मिठाची बरणी तिने ओट्यावर नीट झाकण लावून ठेवली होती.

आमच्या घरी पानात टाकायची पद्धत नाही. आईने लहानपणी दटावून दटावून ते हाडात भिनवलंय. मी श्वास रोखून वाडगा संपवला. तिने लगेच भरला. तोही संपवला. तिने पुन्हा भरला. मी संपवते म्हणून ती वाढते आणि ती वाढते म्हणून मी संपवते, असा आमचा खेळ पातेलं रिकामं होईपर्यंत चालला. मग तिने भांडी विसळली, पालथी घातली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मागच्या सरकत्या काचेच्या दारातून शेजारच्या घरात निघून गेली. दार तिने सताड उघडंच ठेवलं.

संध्याकाळी तिचा मुलगा आला. शेजारी नवं बिऱ्हाड आलेलं मला माहीत होतं, पण ओळख झाली नव्हती. मुलगा आणि सून, दोघं मीटवर्क्समध्ये, म्हणजे मटणाच्या कारखान्यात कामाला; सूनबाईंना दिवस गेलेले. त्याने दोन्ही हातांवर निळा रेशमी रुमाल आडवा धरला होता आणि मान खाली घातली होती. 'सॉरी, व्हेरी सॉरी' एवढं म्हणून झाल्यावर तोडक्यामोडक्या इंग्रजीत त्याने सांगितलं ते असं. ते मंगोल, चीनच्या हद्दीतल्या गवताळ मुलखातले. तिकडे तंबूला कुलूप नसतं. घरात कुणी नसलं तरी वाटसरू आत येतो, चूल पेटवतो, चहा करतो, असेल ते खातो, भांडी जागेवर ठेवून पुढे जातो. घरधनी मधेच आला तर चहा आधी त्याला द्यायचा. "आई कालच आली," तो म्हणाला. "तुमचं दार उघडं दिसलं. तिला वाटलं, शेजाऱ्याकडे न जाणं वाईट दिसेल."

मला हसू आलं आणि हायसंही वाटलं. एवढ्या मोठ्या देशात माझ्याकडे न जाणं कुणाला तरी वाईट दिसलं होतं.

माझी तेव्हाची अवस्था सांगायला हवी. आम्ही न्यूझीलंडला आलो ते माझ्या डिग्रीला मिळालेल्या व्हिसाच्या पॉइंट्सवर. नवऱ्याचे पॉइंट कमी पडत होते, ते माझ्या एमबीबीएसने भरून काढले. आल्यावर कळलं की ही डिग्री देशात यायला चालते, देशात प्रॅक्टिस करायला चालत नाही. त्यासाठी परीक्षा द्यायची. मी एकदा नापास झाले होते. नवरा सकाळच्या ट्रेनने वेलिंग्टनला ऑफिसला जायचा आणि संध्याकाळी बूट काढताकाढता विचारायचा, "आज किती चॅप्टर?" मला गाडी येत नव्हती. मला ओळखणारं माणूस नव्हतं. दोन्हीकडे डोंगर, वर ढगांचं झाकण आणि मधल्या सपाटीवर मी, जेवणाच्या टेबलावर पुस्तकं मांडून. मिरजेला ज्या बाईला दुपारी जेवायला फुरसत नव्हती ती इथे पोस्टमनची वाट बघत बसायची. लेकसुद्धा मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देऊन मोकळी व्हायची.

त्या रविवारी शेजाऱ्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. मुलगा फाटकाशीच उभा होता, आम्हाला रीत शिकवायला. आमच्याकडे दार वाजवत नाहीत, तो म्हणाला. लांबूनच ओरडायचं, 'कुत्रं आवरा!'

"बट यू हॅव नो डॉग," नवरा म्हणाला.

"कुत्रं नसलं तरी ओरडायचं. म्हणजे घरच्यांना कळतं, पाहुणा आलाय."

भर रस्त्यात ओरडायला नवऱ्याला लाज वाटली. लेकीला मुळीच वाटली नाही. तिने असा गळा काढला की समोरच्या घराचा पडदा हलला. मग पुढचे धडे झाले. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून आत जायचं. काहीही घेताना उजव्या हाताने किंवा दोन्ही हातांनी, आणि बाह्या वर केलेल्या असतील तर आधी खाली ओढायच्या. वाढलेलं नाकारायचं नाही. नकोच असेल तर ओठाला लावून परत द्यायचं. यावर मी नवऱ्याकडे रागाने पाहिलं, जणू ते सगळं पातेलं त्यानेच मला पाजलं होतं. आणि आल्याआल्या दुःखाचं काही बोलायचं नाही. आधी विचारायचं, गुरं धष्टपुष्ट आहेत ना, गवत बरं आहे ना, हिवाळा सुखात जातोय ना. उत्तर कायम 'छान' असंच द्यायचं. कुणी मेलं असलं तरी ते चहा पोटात गेल्यावर सांगायचं.

जेवायला उकडलेलं मटण होतं, नुसतं मिठात. आम्ही रस्सा खाणारी माणसं, पण मटण शेवटी मटण, मी मनापासून खाल्लं. आजीने एका छोट्या चांदीच्या वाटीत दारू दिली. अनामिका बुडवून एक थेंब आभाळाला, एक जमिनीला उडवायचा आणि मग तोंडाला लावायची. "अगं, ही तर आपली चित्राहुतीच की!" नवरा खूश झाला, कारण मुंजीत शिकलेली एवढी एकच गोष्ट त्याला अजून येत होती. निघताना आजी आमच्याबरोबर बाहेर आली. मुलाने सांगितलं, पाहुण्याला घोड्यापर्यंत पोचवायचं असतं, आणि तो दिसेनासा होईस्तोवर उभं राहायचं. पाहुण्याच्या पाठीवर दार लावणं म्हणजे त्याला हाकलणं. आमचं घर शेजारीच, त्यामुळे ती आमच्या लेटरबॉक्सपर्यंत आली आणि आम्ही आत जाऊन दिवा लावला तरी तिथेच उभी होती. शेवटी मी पडद्याआडून हात हलवला तेव्हा परत फिरली.

त्यानंतर ती आणि मी रोज फिरायला जाऊ लागलो. लेकीला किंडीत सोडायचं आणि तसंच पुढे, जिथे घरं संपून डोंगरउतारावरची कुरणं सुरू होतात तिथपर्यंत. भाषा नव्हती, पण अडलं नाही. मेंढरं दिसली की ती थांबायची, दोन्ही हातांनी हवेत मोठ्ठा गोल काढायची, म्हणजे काय ही जाडजूड मेंढरं! मग तारेच्या कुंपणाला बोट लावायची आणि तोंड कडू करायची. मुलाकडून मला कळलं होतं की तिकडेही आता कुरणं वाटून दिली आणि मध्ये तारा ओढल्या. नवरा गेलेला, मेंढरं विकलेली. नातवंड होईपर्यंत म्हणून मुलाने तिला आणलं होतं आणि व्हिसा वाढवून घ्यायची खटपट चालू होती. ती तारेपाशी उभी राहून पलीकडे बघत राहायची. मी तिच्या बाजूला उभी राहून घड्याळ बघायची, कारण घरी फार्मॅकॉलॉजी वाट बघत असायचं.

आणि मग ते घडलं. पावसाची एक सर येऊन गेली होती. परत येताना एका घराचं पुढचं दार उघडं होतं. घरात हवा खेळावी म्हणून इथली माणसं उघडतात तसं. आजी चालताचालता वळली आणि सरळ आत. मी "अहो आजी, आजी!" करत मागे. वाटेत तिने लांबूनच ती कुत्रं आवरायची हाळी दिली होती, म्हणजे तिच्या परीने तिने रीतसर वर्दी दिली होती. मी पोचेपर्यंत केटल चालू झाली होती. मी तिचा दंड धरला. तिने माझा हात सोडवून उलट मलाच खुर्चीत बसवलं. तेवढ्यात बाथरोब घातलेली, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली घरमालकीण आतून आली, आणि आपल्या किचनमध्ये दोन अनोळखी काळ्या-पिवळ्या बायका चहाला बसलेल्या बघून तिने जी किंकाळी फोडली ती माझ्या कानात अजून आहे. आजी मात्र उठून उभी राहिली. घरधनी आली होती ना! तिने कोपराला हात लावून, वाकून, त्या बाईला तिचाच कप दिला.

पोलीस आला. तरुण होता, चांगला होता. "नो वरीज, लेडीज," म्हणाला. मी डॉक्टर आहे असं त्याला सांगितलं. "कुठल्या क्लिनिकमध्ये?" त्याने साधेपणाने विचारलं आणि मी घरचा पत्ता सांगू लागले. त्याने आमची नावं-पत्ते लिहून घेतले, पुन्हा असं करू नका म्हणाला आणि गाडीने घरी सोडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दिवसाढवळ्या पोलिसांच्या गाडीतून मी आमच्या दारात उतरले, तर समोरचा पडदा पुन्हा हलला.

नवरा संतापला. "तुला कळतंय का? रजिस्ट्रेशनच्या वेळी कॅरॅक्टर सर्टिफिकेट लागतं! उद्या विचारलं, पोलीसकेस झाली होती का, तर काय सांगशील? परक्याच्या घरात चहा प्यायला गेले होते?"

"केस झालेली नाही. आणि चहा प्यायचा राहिलाच," मी म्हटलं.

"जोक नको करूस. तू घरी बस आणि अभ्यास कर. एवढंच तर करायचंय तुला."

एवढंच तर करायचंय! मी ताटली आपटली. लेक म्हणाली, "ममा इज मॅड." खरंच होतं ते. पण मला आतून भीतीही वाटली होती, कारण तो म्हणत होता त्यात तथ्य असेल तर माझा दवाखाना कायमचा बुडाला होता. दुसऱ्या दिवसापासून मी घरी बसले.

दोन-तीन दिवसांनी शेजारचा मुलगा आला. बसला. चहा घेतला. माझ्या लेकीची प्रकृती विचारली, नवऱ्याचं काम विचारलं, पाऊस फार झाला का विचारलं. सगळ्याला मी 'छान' म्हटलं आणि मनात म्हटलं, आता मुद्द्यावर ये बाबा. कप खाली ठेवून त्याने खिशातून किल्ली काढली.

"आम्ही दोघं कामावर जाताना दार बाहेरून लावून जातो," तो म्हणाला. "आई बाहेर पडली आणि पुन्हा पोलीस आले, तर तिचा व्हिसा जाईल. आमच्याही कागदांचं काय होईल माहीत नाही. पण आग लागली, ती पडली तर? तुम्ही घरी असता. तुम्ही डॉक्टर आहात." त्याने किल्ली दोन्ही हातांनी पुढे धरली. "आत जा, बसा तिच्याजवळ. फक्त तिला बाहेर नेऊ नका. येताना लावून घ्या."

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! मला ओरडून सांगायचं होतं की मी कुणाची जेलर नाही. पण समोर दोन्ही हात पुढे करून बसलेला तो थकलेला माणूस होता, आणि त्यानेच शिकवलं होतं की दिलेलं नाकारायचं नाही. किल्ली मी दोन्ही हातांनी घेतली.

आता माझ्या खिडकीतून त्यांची खिडकी दिसायची. इथल्या खिडक्यांना चोरांच्या भीतीने अडसर लावलेले असतात, पंजाएवढीच फट उघडते. त्या फटीतून सकाळी एक हात बाहेर यायचा, चमच्याने दुधाचे थेंब चारी दिशांना उडवायचा आणि आत जायचा. ते झालं की दिवसभर खिडकीत नुसता चेहरा. मी पुस्तकातून मान वर केली की तो चेहरा. मान खाली घातली तरी माहीत असायचं की तो तिथे आहे. मी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, टेबल दुसऱ्या खोलीत हलव.

मी टेबल हलवलं नाही, रोज तिच्याकडे जाऊ लागले. नवऱ्याला सांगितलं नाही. फाटकाशी थांबून 'कुत्रं आवरा' म्हणायचं, अर्थातच मराठीत, मग बाहेरून कुलूप उघडून आत. आत गेलं की मी पाहुणी आणि ती यजमानीण. ती मला दारासमोरच्या मानाच्या जागी बसवायची. वाळवलेल्या दह्याचे दगडासारखे तुकडे पुढे ठेवायची. चहा द्यायची. पुरे झालं की वाडगा अर्धवट ठेवायची रीत मला एव्हाना माहीत झाली होती, आणि ठेवला की ती ओळखायची, ही आता उठणार. म्हणून मी घोटभर प्यायले की ती लगेच घोटभर भरायची. मी ठेवलेलं ती भरते आणि तिने भरलेलं मला सोडवत नाही. मी निघू नये म्हणून तिची धडपड चालली होती आणि मलाही निघायचं नव्हतं. घरी जाऊन करायचं काय होतं? मी मिरजेच्या गोष्टी सांगायची, ती तिच्या मुलखाच्या. एकमेकींचं एक अक्षर न कळता आम्ही भरभरून बोलायचो. मी तर तिच्यापाशी नवऱ्याला यथेच्छ शिव्या घालून घ्यायची. एकदा तर मी रडले, परत नापास होईन म्हणून, आणि पास झाले तरी इथून सुटका नाही म्हणूनही. तिने माझं डोकं मांडीवर घेतलं आणि जनावराला थोपटतात तसं जोराजोरात थोपटलं.

पण शेवटी उठावं लागायचंच. आणि तेच भयंकर होतं. पहिल्या दिवशी रीतीप्रमाणे ती माझ्याबरोबर बाहेर आली, मला घोड्यापर्यंत पोचवायला. मी तिचा हात धरला, तिला आत नेलं, बाहेर आले, दार ओढलं, किल्ली फिरवली. वेड्यांच्या वॉर्डात इंटर्नशिप केली होती मी. तिथे करायचो तसंच. दुसऱ्या दिवशी ती बाहेर आली नाही. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, उंबऱ्याला पाय लागू न देता, थांबली. वाटलं असतं तर पाय मधे घालून ती दार अडवू शकली असती. पण उंबऱ्यावर पाय देणं तिच्या रीतीत नव्हतं. तिच्याच रीतीचा फायदा घेऊन मी रोज तिच्या तोंडावर दार लावत होते. आपल्याकडे कुणी निघालं की 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. मी रोज 'येते हं आजी' म्हणायची आणि किल्ली फिरवायची.

मुलाला मी एकदा म्हटलं, "हे बरोबर नाही. ती आजारी पडेल." तो म्हणाला, "बाळ होईपर्यंत. मग माझी बायको घरी असेल." म्हणजे तोपर्यंत सगळा हिवाळा. किल्ली परत करावी, तर तिच्याकडे जाणारं कुणीच उरणार नाही. ठेवावी, तर कुलूप मी लावायचं. इकडे आड तिकडे विहीर.

आजी खरंच सुकत चालली. झगा अंगावर लोंबायला लागला. थेंब उडवायचा हात एखाद्या सकाळी येईना. मी नाडी बघायची, डोळे बघायची. आजार काहीच नव्हता, आणि होता तो माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हता.

त्या दिवशी दक्षिणेचा बोचरा वारा सुटला होता, इथले लोक ज्याला सदर्ली म्हणतात तो. किंडीतून लेकीला आणायची वेळ झाली म्हणून मी उठले. ती माझ्यामागे दारापर्यंत आली. मी उंबरा ओलांडून बाहेर झाले, वळले, 'येते हं' म्हणायला तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. किल्ली हातात तशीच. आजवर दवाखान्यात मी मरणाच्या बातम्या दिल्यात, पण ही किल्ली मला फिरवता येईना. मला स्वतःचा इतका राग आला, त्या मुलाचा, नवऱ्याचा, पॉइंट मोजून माणसं आत घेणाऱ्या आणि मग दारं लावून घेणाऱ्या या देशाचा, की डोळ्यांपुढे काही दिसेना.

तिने माझ्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे. मग पुढे वाकून, उंबऱ्याच्या आतूनच, माझ्या कोटाचं सुटलेलं बटण लावलं, माझा गाल हुंगला, तिकडची म्हातारी माणसं लेकरांना हुंगतात तसा. आणि तिने स्वतः, आपल्या हाताने, हळूच दार लावून घेतलं. पाठोपाठ आतली कडी सरकल्याचा आवाज आला.

मला ते समजायला वेळ लागला. पाहुणीला दार लावायची लाज वाटत होती, म्हणून यजमानणीने ती लाज आपल्या अंगावर घेतली होती. जन्मात जिने कुणाच्या पाठीवर दार लावलं नव्हतं तिने माझ्यासाठी ते लावलं, आणि मी 'लावू नका' एवढंही बोलू शकले नाही. मी किल्ली फिरवली नाही. तशीच किंडीकडे पळत गेले.

दुपारभर मी खिडकीत बसून होते. कुलूप उघडं होतं. कडी काढून ती बाहेर पडू शकत होती. पडावी, असं मला वाटत होतं. तिने तडक डोंगराकडे चालू लागावं, दिसेल त्या घरात शिरून चहा करावा, येऊ देत काय पोलीस यायचे ते! कुणीच बाहेर आलं नाही. खिडकीत चेहराही नव्हता.

उजेड होता तोवरच मुलगा कामावरून आला, एकटाच. सूनबाईंना त्या दिवशी तपासणीला जायचं होतं. त्याने किल्ली लावली. दार उघडेना. त्याने खांद्याने ढकललं. मी चपला घालून धावले आणि घडलं ते त्याला सांगितलं. चहाबिहा काही न पाजता, गुरांची चौकशी न करता, सगळं एका दमात. माझी किल्लीही त्याच्या हातात कोंबली. "मी आता हे करणार नाही," मी म्हटलं. "तुम्हाला काय करायचं ते करा."

त्याने दारावर थापा मारल्या. आपल्याच घराच्या दारावर. आतून आजीचा आवाज आला, अगदी बारीक, दोनच शब्द. आणि तो भाजल्यासारखा मागे सरला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"विचारतेय, कोण आहे."

"मग सांगा ना, मी आलोय म्हणून."

त्याने मान हलवली. "आमच्याकडे हे विचारत नाहीत, डॉक्टर. बर्फात, वादळात, रात्री कुणीही आलं तरी आधी आत घेतात. चहा देतात. नाव मग. माझ्या आईने जन्मात कुणाला कोण आहे म्हणून विचारलेलं नाही." मग तो पायरीवर बसला आणि तळहातांत तोंड लपवून रडायला लागला. आतून तिने पुन्हा विचारलं, कोण आहे.

मीच दाराला तोंड लावून म्हटलं, "आजी, मी आहे. आणि तुमचा मुलगा आहे." माझा आवाज तिने ओळखला असावा. कडी निघाली. आमच्या दोघांकडे बघून तिने आत यायची खूण केली. मुलगा उठला, उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथेच थबकला. तिला आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला. मग माझ्यासाठी इंग्रजीत म्हणाला, "आय विल टेक हर होम. बाळ व्हायच्या आत. तिकडे तारा असतील, पण दार उघडं असेल."

आजीने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी इतक्या दिवसांत पाहिलं नव्हतं. ती सुटली होती. मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही, देवाशपथ. पण त्याच्या आधी, सगळ्यात आधी, मला तिचा हेवा वाटला. असा कडकडून हेवा. तिला न्यायला कुणीतरी होतं. मी तिच्याकडे चहा घेतला नाही, पहिल्यांदाच नाही म्हटलं, आणि घरी आले. नवऱ्याने बूट काढताकाढता विचारलं, आज किती चॅप्टर. मी म्हटलं, तीन.